सुका आवाज

आसगाव,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय प्रविण,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी उलटंसुलटं करून पाहिलं असशील. ज्याच्या घरून आता लग्नपत्रिका बाहेर जायच्या आहेत, त्यालाच पोस्टाने पत्र, तेही आपल्या आसगावातून पवनीतल्या तुझ्या साउंडच्या दुकानात, जिथे मी एके काळी चप्पल न बदलता निघून यायचे. मोबाईल मेला होता का, म्हणशील. मेला नाही. समोरच पडलाय आणि तुझा नंबरही मी अजून काढलेला नाही. फोन काहून केला नाही ते शेवटी सांगते. तोवर गप्प बस. तुला ती सवय आहेच.

साक्षगंधाचे फोटो पाहिले. मुलगी छान आहे, तुमसरची म्हणे, घरची राइस मिल आहे. तू मात्र त्या कोटात अगदी भाड्याने आणल्यासारखा दिसतोस. माझ्याकडून अभिनंदन, आणि हे मी दात ओठ खाऊन लिहीत नाहीये. आधी खूप खाल्ले, आता दुखायला लागलेत. पण एक मागणं आहे, ते सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच धाकधूक नको. लग्नाआधी माणूस घराला रंग देतो आणि लॅपटॉप साफ करतो. तू कर. माझे फोटो काढ, आपली बोलणी काढ, वैनगंगेच्या घाटावर मी तोंडात बोर घालून केलेला तो वेडा व्हिडिओ तर पहिला काढ. फक्त माझा सुका आवाज पुसू नकोस. तो मला हवा आहे.

'सुका' हा शब्द लिहितानाही हसू येतं बघ. आठवतं? जागेश्वर मास्तरांच्या संगीत पार्टीत मी नवीन होते. तोवर आमचा साउंड म्हणजे एक जुना अॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि 'इको'चं एकच बटण. ते फिरवलं की सरस्वतीस्तवनही विहिरीत पडून म्हटल्यासारखं वाटायचं. मग तू लॅपटॉप घेऊन आलास. मास्तर पेटीवर बसल्या बसल्या तुझ्याकडे असे बघत होते, जणू तू देवळात म्हैस आणलीस. तारा, डबी, त्या डबीतून लॅपटॉप, लॅपटॉपातून पुन्हा मिक्सर आणि तिथून स्पीकर. मी माइकपाशी उभी राहिले आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "कामिनी, पयले मले तुहा सुका आवाज दे. ओला मी मंग करतो."

तुझ्यासाठी तो धंद्यातला शब्द होता. काही न मिसळलेला तो सुका, इको-बिको चढवलेला तो ओला. पण मी मनिरामची पोरगी. आमचं घर तलावाच्या पाळीवर, दारात दोरीवर मासोळ्या वाळत घातलेल्या. शाळेत बाकावर माझ्या शेजारी कोणी बसलं की नाकाला रुमाल लावायचं आणि 'सुकी' म्हणायचं. तू म्हणालास 'सुका आवाज' आणि माझ्या कानात तीच शाळा भरली. मी माइक तसाच स्टँडवर ठेवला आणि घरी निघून गेले. तुला बिचाऱ्याला कळेचना. दुसऱ्या दिवशी तू पाळीवर आलास, सायकल आमच्या जाळ्यात अडकवलीस, बाबांच्या शिव्या खाल्ल्यास, आणि काही समजावत न बसता ते मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवलेस. त्यात मी होते. चार ओळी, कशाचीही साथ नसलेल्या. श्वास घेतलेला ऐकू येत होता. एका शब्दावर जीभ अडखळली होती तीसुद्धा. तू म्हणालास, "हा सुका. हा कोनाले देत नाही मी. लोकायले ओला." तेव्हा माझा तुझ्यावर जीव जडला. तुला वाटतं नंतर कधीतरी, पण नाही, तेव्हाच.

मग किती कार्यक्रम केले आपण. गणपती, शारदा, हळद, बारसं, कोणाच्या दुकानाचं उद्घाटन. मी गायचे, माझा आवाज तारेतून तुझ्याकडे यायचा, तू त्याला लांबी द्यायचास, थोडी खोली द्यायचास, मांडवातल्या कापडावर आपटून मरणारा आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा करायचास. लोक म्हणायचे, पोरीचा गळा काय आहे! मला माहीत होतं, त्यातला अर्धा गळा तुझ्या टेबलावर आहे. पण तू स्वतः काय ऐकायचास? हेडफोनमध्ये सुका ठेवायचास. मास्तर ओरडायचे, अरे बाहेर काय चाललंय ते ऐक. तू एक कान बाहेर ठेवायचास आणि एक माझ्याकडे. एवढ्या गर्दीत माझा खरा आवाज एकट्या तुझ्या एका कानात जायचा, आणि तोच तू लॅपटॉपात भरून ठेवायचास. कशाला, असं विचारलं तर म्हणायचास, "असू दे, कामी पडते."

साउंड तपासताना मी कधी 'हॅलो माइक टेस्टिंग' म्हटलं नाही. आईचं गाणं म्हणायचे. सखाबाईचं गाणं म्हणजे काय, ती कंबरभर पाण्यात शिंगाडे काढताना म्हणते ते. तिला तिच्या आईने दिलं, त्याआधीचं कोणाला ठाऊक नाही.

शिंगाड्याच्या येला गा, पानी किती खोल,
डोंगा गेला पल्याड, अल्याड राह्यला बोल.

तू त्यावर कधी काही चढवलं नाहीस. म्हणायचास, याले सुकाच राहू दे. एकदाच आपलं वाजलं होतं, ते या गाण्यावरून नाही, ऑटोट्यूनवरून. मला सर्दी होती आणि तू न विचारता ते सूर सरळ करणारं यंत्र माझ्या आवाजावर लावलंस. मी एक सूर ओढत नेला आणि स्पीकरमधून तो इस्त्री केलेला निघाला. मला माझ्याच तोंडाची भीती वाटली. गाणं संपल्यावर मी तुला नाही नाही ते बोलले. तू म्हणालास, लोकायले तेच पायजे. मी म्हणाले, लोकांना दे मग, मला नको. त्यानंतर माझ्या आवाजाला तू ते कधी लावलं नाहीस. तुझं हे एक मानलं पाहिजे.

आणि तो उशीर. हा मला आजही सोडत नाही. तुझ्या त्या पहिल्या लॅपटॉपात आवाज आत जाऊन बाहेर यायला किंचित वेळ लागायचा. डोळ्याची पापणी लवेल एवढाच, पण गाणाऱ्याला तो डोंगराएवढा. मी समेवर यायचे आणि स्पीकर मागाहून यायचा. तूच शिकवलंस की तू जराशी आधी निघ, म्हणजे लोकांना बरोबर समेवर ऐकू येईल. तशी मी आधी निघायला शिकले. शिकले ती शिकलेच. तुझ्यानंतर मी गावातल्या भजनात बसायला लागले, तिथे ना माइक, ना तार. तुलाराम काका ढोलकीवर. आणि मी दर ओळीला त्यांच्या आधी. ते बिचारे दोन-तीनदा सांभाळून घ्यायचे, मग थांबून म्हणायचे, "काहून वं पोरी, कोनाच्या पुढं धावून राहिली?" बाया हसायच्या. मीही हसायचे. कोणाला काय सांगू, की माझा आवाज कोणाकडे तरी जाऊन परत यायचा आहे आणि तेवढा वेळ मी अजून सोडून ठेवते?

तुला आठवतं का विचारणार नाही, कारण हे तू विसरला असशील तर मला ते कळायला नको आहे. पवनीतलं ते लग्न. दुपार, जेवणावळ चाललेली, गाण्याकडे कोणाचं लक्ष नाही. माझ्या कानात ती छोटी गुंडी, ज्यातून तू टेबलावरचा खटका दाबून फक्त माझ्याशी बोलायचास. पाणी पी. माइक जवळ घे. मास्तरांचं तिसरं कडवं चुकणार आहे, सांभाळ. एवढंच बोलायचास, आणि मांडवात कोणाला पत्ता नसायचा. त्या दुपारी मी कडव्याच्या मध्यावर असताना तुझा आवाज आला, "कामिनी, माह्यासंगं लगन करशीन का? हो म्हनत असशीन त मुखडा दोनदा घे." मी समोर बघितलं. तू वाकून तारांत काहीतरी शोधत होतास, गाढवा. मी मुखडा तीनदा घेतला. ढोलकीवाल्याचा ठेका गेला, मास्तरांनी पेटीवरून डोळे वटारले, आणि नवरीच्या मामाला वाटलं की मला त्याची आवड कळली, तो उठून शंभराची नोट ओवाळायला आला. आपल्या सबंध गोष्टीत कोणी टाळी वाजवली असेल तर ती त्या मामाने.

मग शारदेचा कार्यक्रम. तुझी आई, ललिताबाई, पहिल्या रांगेत बसलेल्या. तूच म्हणाला होतास, आईला एकदा तुझं गाणं ऐकू दे, मग मी बोलतो. मी जीव तोडून गायले रे. गाणं संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, तोंडावरून हात फिरवला, नाव विचारलं, मग बापाचं नाव विचारलं. हात तसाच माझ्या गालावर होता, पण त्याचं वजन बदललेलं मला कळलं. पाळीवरच्या मनिरामची ना, म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी शेजारच्या बाईला सांगावं तसं, पण मला ऐकू येईल अशा बेताने सांगितलं, "गळा लय गोड हाये पोरीचा. पन गानं आयकाले बलावनं येगळं, अन् घरात आननं येगळं."

मला त्यांचा राग नाही. त्यांची धानाची बांधी, आमचं तळं. एकाच गावात आपण दोन गावं आहोत हे मला शाळेपासून माहीत होतं. मी वाट पाहत होते ती तुझी. तू टेबलामागे उभा होतास, आमच्यापासून जेमतेम बैलगाडीच्या लांबीवर. तुला सगळं ऐकू गेलं होतं, स्पीकर तू बंद केला होतास, पण माझ्या हातातला माइक चालूच होता आणि सुका आवाज तुझ्या कानात येत होता, त्यात त्यांचाही आला असणार. तू बटणं फिरवत राहिलास. कोणी गात नव्हतं, तरी फिरवत राहिलास. मला वाटलं, सगळ्यांसमोर नसेल जमत, आता कानात बोलेल. 'थांब' म्हणेल. 'मी आहे' म्हणेल. निदान पाणी पी तरी म्हणेल. ती गुंडी कानात ठेवून मी घरापर्यंत चालत गेले, प्रविण. तार तर कधीच सुटली होती. जगातल्या कोणाच्याही बेसुऱ्या पोराचा सूर सरळ करून देणारा माणूस आपल्या आईला एक सरळ वाक्य बोलू शकला नाही. मी त्या दिवशी मोडले ती मोडलेच. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

नंतर तू मेसेज केलेस. थोडं थांब, आई समजेल, यंदाचं धान निघू दे. मी उत्तर दिलं नाही. मास्तरांना सांगितलं की मला जमणार नाही, आणि त्यांनी डोळे पुसून माझ्या जागी रीनाला घेतलं. चांगली पोरगी आहे, मेहनती आहे.

यंदाच्या मंडईच्या जत्रेला मी घरीच होते. भाऊबीज झाली, गावात लेकी-जावई आले, बाजार भरला, तुमचा स्टेज तलावाच्या त्या बाजूला लागला. दुपारी आई आणि मी दारात शिंगाडे उकडून सोलत बसलो होतो. पाण्यावरून गाणं आलं. आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाली, "आवं, तू इथं बसली हायेस, अन् तिकडं कोन गावून राहिली?"

गात होती रीना. पण ती खोली माझी होती, ओळीच्या शेवटी विरत जाणारं ते लांबण माझं होतं. तू माझ्यासाठी किती दुपारी बसून ते जमवलं होतंस, मला माहीत आहे, मीच तर समोर बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढे मास्तर घरी आले तेव्हा त्यांनी साधेपणाने सांगून टाकलं. रीना माइकपाशी आली की तू लॅपटॉपात 'कामिनी' नावावर बोट ठेवतोस आणि ती गायला लागते. ते सेटिंग माझ्या नावानेच आहे अजून. माझा ओला आवाज तू अंगरख्यासारखा दुसरीला घातलास. तुला त्यात काही वाटलंही नसेल, चांगलं शिवलेलं फेकायचं कशाला. मी मात्र ते शिंगाडे तसेच टाकून आत गेले आणि आईने बोलावेपर्यंत बाहेर आले नाही. एक कर, तिला तिचं करून दे. तिचा आवाज माझ्यापेक्षा जाड आहे, तिला एवढी खोली नको. आणि त्याला तिचं नाव दे.

आता घरचं. बाबा बरे आहेत. मंडईत तुझ्या स्पीकरने मासोळ्या तळाला जाऊन बसल्या असं ते अजून सांगत फिरतात, आणि जाळं रिकामं आलं की अजूनही तुझ्याच नावाने बोटं मोडतात. तुझ्या साक्षगंधाची बातमी त्यांनी बाजारात ऐकली. घरी येऊन आईला म्हणाले, आज कामिनीला मोठी मासोळी वाढ. आईचं कंबरदुखीचं चालूच. यंदा शिंगाडा बरा निघाला. भजनात मी हल्ली झांजा वाजवते. दिवाळीनंतर गळा बसला तो उठेना. आई काढे करते, आनंदाबाई मावशी हळदीचं दूध घेऊन येते, कोणी ज्येष्ठमध देतं, कोणी नजर काढतं. तुलाराम काका म्हणाले, बरं झालं, आता तरी पुढे धावणार नाही. नंतर त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तर आता ते, जे शेवटी सांगते म्हणाले होते. गळा बसलेला नाही, प्रविण. गाठ आहे. नागपूरला दाखवलं, सुईने तपासलं, चांगली गाठ नाही. येत्या आठवड्यात काढणार आहेत. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं की आवाजाची जी नस असते तिलाच ती चिकटून बसली आहे, आणि जीव ठेवायचा तर नस जाईल. बोलता येईल म्हणतात, पण फुसफुसल्यासारखं. पाळीवरून तळ्यातल्या आईला हाक मारली तर तिच्यापर्यंत जाणार नाही. गाणं नाही. मी घरात सगळ्यांचे मोबाईल शोधले. माझे कितीतरी व्हिडिओ निघाले, सगळे मांडवातले, सगळ्यांत तुझी खोली, तुझं लांबण. सगळा ओला. घरच्या माणसाचा नुसता आवाज कोण भरून ठेवतं? मी कशी होते ते आता फक्त तुझ्याकडे आहे. ते आईचं गाणं दे, त्यात मी अडखळले असेन तेही दे, मास्तरांच्या हाती पाठव, तू येऊ नकोस. आणि फोन यासाठी केला नाही की आत्ताच माझा आवाज फाटला आहे, परवा दुकानदाराने मला फोनवर 'हो दादा' म्हटलं. तुझ्या कानात मी जशी आहे तशी दुसरी कुठे उरलेली नाही, तिथे मला हा आवाज जाऊ द्यायचा नव्हता. तूही फोन करू नकोस. फक्त पाठव, आणि पाठवताना त्यावर माझ्यावरच्या मायेपोटीसुद्धा काही चढवू नकोस. आहे तसा दे.

तुझ्या एका कानातली,
कामिनी